तिसरा रकाना

“सर, मग डार्विनची पोरं कशी निघाली?”

प्रश्न माझा नव्हता, सिंधूचा होता. पण विचारायची हिंमत तिच्यात नव्हती आणि माझ्यात ती पंधरा ऑगस्टपासून जरा जास्तच आलेली होती. त्या दिवशी लातूर जिल्हा झाला आणि शाळेच्या झेंड्यापुढे मी हातात चिठ्ठी न घेता सात मिनिटं बोलले. तेव्हापासून वर्गात अवघड काही विचारायचं निघालं की मागच्या बाकावरून माझी वेणी ओढली जायची. सिंधूनं पैज लावली होती, विचारून दाखव, आठ दिवस माझ्या डब्यातली शेंगाची पोळी तुझी. झालं असं, की सोमवारच्या प्रदर्शनासाठी कोटलवार सरांनी मला तक्ता करायला दिला होता. डाव्या रकान्यात डार्विनचा जन्मापासून मरणापर्यंत सालवार जीवनक्रम, उजव्या रकान्यात त्या त्या वर्षी जगात काय झालं ते. त्याला जाऊन यंदा शंभर वर्षं झाली म्हणून. अठराशे एकोणचाळीसपुढे सरांनी स्वतःच फळ्यावर लिहिलं, मामाच्या मुलीशी लग्न. वर्गात आधी एक बारीक हसू फुटलं, मग ते माझ्याकडे वळलं. कारण मला मामाला देणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामाच्या मुलाला नव्हे, मामालाच. आमच्यात चालतं. दहावीचा पेपर संपला की वैशाखात.

कोटलवार सर किनवटकडचे. जंगलातल्या आश्रमशाळेवर बारा वर्षं काढलेले, त्यामुळे त्यांना कशाचं हसू येत नसे आणि कशाचा रागही येत नसे. तिकडच्या पोरींना दहावीनंतर ते अजूनही नांदेडच्या एका वसतिगृहात लावून देत. त्यांच्या टेबलाच्या खणात काड्यापेट्या होत्या आणि प्रत्येकीत कापसावर एकेक भुंगा. ते हसणाऱ्यांवर ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, “दहा झाली. तीन लहानपणीच गेली. एक तीन आठवड्यांची, एक दहा वर्षांची, एक दीड वर्षाचं. ते दीड वर्षाचं कधी चाललं नाही, बोललं नाही.” मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघून त्यांनी सांगितलं की मुलं नात्यातल्या लग्नानंच गेली असं कोणीच म्हणू शकत नाही, तेव्हा पोरं सगळ्यांचीच जात. पण त्याच्या मनात मात्र तो किडा जन्मभर राहिला. इंग्लंडात शिरगणती होणार होती, तिच्यात एवढा एक प्रश्न घाला, की तुमचं लग्न नात्यात झालंय का, असं त्यानं सुचवलं. पार्लमेंटनं उडवून लावलं. “त्याला उत्तर ठाऊक नव्हतं,” सर म्हणाले. “त्याला फक्त विचारायचं होतं.”

मला बसायला सांगायचं ते विसरले. मी उभीच होते. डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि मग मुंग्याही गेल्या, पाय नुसता एक जड वस्तू होऊन बाकाखाली राहिला. मला काहीच वाटलं नाही. अपमान नाही, भीती नाही. डोक्यात एक आकडा मात्र सरळ येऊन बसला, कोणी शेजारी येऊन बसावं तसा. दहातले तीन. आमच्या अव्वाला, म्हणजे आईला, चार झाली, त्यातली तीन गेली. हे मला आधी माहीत नव्हतं असं नाही. पण ते घरातल्या उंबऱ्यासारखं माहीत होतं, रोज ओलांडायचं आणि बघायचं नाही. सिंधूनं खालून माझा परकर ओढला तेव्हा मी बसले. सुटीत तिनं पोळी दिली, वर तूपही होतं, आणि मी ती सगळी खाल्ली. चव होती. असं नाही की चव नव्हती.

घरी जायची वाट गंजगोलाईवरून. अप्पांचं, माझ्या वडिलांचं, दुकान तिथेच, दोर, पोहरे, ताडपत्र्या, घागरी. यंदा पाऊस पोळ्यालाच उठून गेला होता. जिल्हा आला आन् पाऊस गेला, असं दुकानात येणारा प्रत्येक जण म्हणायचा आणि आपल्यालाच सुचलंय असं हसायचा. श्रावणात लोक तीस हात दोर मागत, दसऱ्याला पन्नास, आता जुन्याला जोडायला आणखी वीस. अप्पा मोजायचं काम हातानंच करत, कोपरापासून बोटांपर्यंत. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला कायम अंबाडीचे तंतू चिकटलेले. विहिरी खाली चालल्यात हे मला पेपरातून कळलं नाही, अप्पांच्या कोपराच्या येण्याजाण्यातून कळलं. मी त्यांना तक्त्याचं सांगितलेलं होतं. दोन रकाने भरून झाले तेव्हा मला उगीचच एक तिसरा हवासा वाटला, आपल्याकडचा. डार्विन जहाजावर होता तेव्हा लातुरात काय चाललं होतं? तो लग्न करत होता तेव्हा माझ्या आजोळी, रेणापुरात काय? उजव्या रकान्यात सगळं लांबलांबचं, अठ्ठेचाळीसला युरोपात बंडं, एक्कावन्नला लंडनचं प्रदर्शन, त्रेपन्नला मुंबईची आगगाडी आणि निजामानं इंग्रजांना वऱ्हाड देऊन टाकलं ते. लातूरचं कुठे काहीच नाही. अप्पांना विचारलं तर ते दोर गुंडाळत म्हणाले, “काय व्हायलंय? पाऊस पडला असंल न्हाईतर पडला नसंल.”

शनिवारी मामा आला. बसवंतमामा, अव्वाचा सगळ्यात धाकटा भाऊ. तो आमच्याच घरी राहून शिकला, आणि जिल्हा झाल्यावर नव्या कचेरीत टंचाईच्या टेबलावर लागला. कुठल्या गावाला, कुठल्या गल्लीला टँकर कधी जाणार ते लिहायचं. नोकरी लागली आणि माझं ठरलं, आणि ठरल्यावर त्यानं खोली घेऊन वेगळं राहायचं असंही ठरलं, लग्नाआधी एका छपराखाली बरं दिसत नाही म्हणून. पंधरा वर्षं बरं दिसत होतं. येताना त्यानं कचेरीतली लांब लाकडी पट्टी आणली होती आणि दोन रंगांचे स्केचपेन. तो तक्त्यावर पालथा झुकून आधी पेन्सिलीनं रेघा मारायला लागला आणि मी कागदाचं टोक दाबून धरलं. त्याच्या डोक्याला तेच खोबरेल होतं. बहात्तरच्या दुष्काळात मी पाच वर्षांची असेन, रेणापूरला खडी फोडायचं काम चाललं होतं तिथे खायला सरकारी सुकडी मिळायची, आणि सोळा वर्षांचा मामा मला खांद्यावर बसवून न्यायचा. मी त्याचे केस लगामासारखे धरायचे. वरून रांग दिसायची, तिच्यात डोकीच डोकी, पांढऱ्या धुळीनं सगळी सारखीच म्हातारी झालेली. मला पडायची भीती कधी वाटली नाही. जगात भीती नसलेली एक जागा होती आणि ती त्याच्या मानेच्या दोन बाजूंना होती. आता त्याच केसांकडे मी बघत होते आणि डोक्यात फक्त एवढंच येत होतं की मागे टाळूवर विरळ होतायत. “तिसरा रकाना कशापायी?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, आपल्यासाठी. त्याची पट्टी थांबली. “आपल्या दोघांसाठी?” असं म्हणून तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला आणि रेघ थोडी वाकडी गेली. मी म्हटलं, “तू पण ना मामा.” आतून अव्वाचा आवाज आला, “तुम्ही म्हणावं. किती डाव सांगू? आता मामाला तू म्हणायचं न्हाई.” तो गेल्यावर मी ती वाकडी रेघ खोडरबरानं घासत बसले. तो माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं.

सिंधूला मी एकदा आमचं नातं समजावून सांगत होते. अप्पा म्हणजे अव्वाचे मामा, सख्खे. म्हणजे अप्पांची आई तीच अव्वाच्या आईची आई. सिंधूनं बोटं मोजली आणि म्हणाली, “अगं म्हणजे तुझी आजी हीच तुझी पणजी?” आम्ही दोघी बोरीच्या झाडाखाली पोट धरून हसलो होतो. ती म्हणाली, तुमच्या घरात पाहुण्यांना चहा एकदाच करावा लागत असेल, सासरचे माहेरचे तेच. तेव्हा खरंच हसू आलं होतं. त्या शनिवारी मी तक्त्याच्या उलट्या बाजूला पेन्सिलीनं ते नातं काढलं. आजीपासून दोन रेघा खाली येतात, एक अप्पांची, एक अव्वाच्या आईची, आणि थोडं खाली गेलं की त्या पुन्हा एकमेकींत येऊन मिळतात, आणि तिथे मी. आणि माझी रेघ मी मामाकडे नेली तर ती पुन्हा तिथेच. रेघ कुठे बाहेर जातच नव्हती. पाणी नसलेल्या विहिरीत पोहरा सोडला की दोर सरसर जात राहतो आणि आपण खालच्या आवाजाची वाट बघतो, तशी मी वाट बघत होते, पोटात काही लागेल म्हणून. काही लागलं नाही.

डार्विनवरचं पातळ पुस्तक सरांचं होतं, त्यात मी उरलेलं वाचलं. अठराशे अठ्ठावन्न. उजव्या रकान्यात जूनमध्ये झाशीची राणी ग्वाल्हेरला पडली. डाव्या रकान्यात त्याच जूनच्या शेवटी ते दीड वर्षाचं पोर गेलं, आणि एक जुलैला लंडनमध्ये विद्वानांपुढे त्याचा सिद्धांत पहिल्यांदा वाचला गेला, ज्याच्यासाठी वीस वर्षं घातली तो, आणि तो तिथे नव्हताच. तो घरी पोराला पुरत होता. मला वाटलं हे डावीकडे घालायचं की उजवीकडे. जगात काय झालं आणि त्याच्या घरात काय झालं ही रेघ एवढी पक्की असते का. दहा वर्षांची गेली ती अ‍ॅनी, तिची लिहायची पेटी आईनं जपून ठेवली, टाक आणि असलं काहीबाही. हे मी वाचलं आणि पान उलटलं.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. अप्पा बाहेरच्या बाजेवर आडवे झाले होते, डोळ्यांवर पंचा. मी आत तक्ता पसरून बसले होते, आणि अव्वानं लोखंडी ट्रंक ओढली. आवाजावरूनच कळलं की तळापर्यंत जायचंय. तिनं एक जरीचा खण काढला, त्यातली गाठ सोडली आणि तीन डब्या जमिनीवर ठेवल्या. चांदीच्या, काळ्या पडलेल्या, बोराएवढ्या. आमच्यात पोर जन्मलं की त्याचं इष्टलिंग येतं, जन्मभर ते गळ्यात अशा डबीत राहतं, आणि माणूस गेलं की ते त्याच्या हातात देऊन पुरतात. डबी तेवढी घरी राहते. मी त्या आधी पाहिल्या होत्या, लहानपणी एकदा खेळायला मागितल्या होत्या आणि मार खाल्ला होता. अव्वा त्या राखेनं घासायला लागली. पाणी वापरावं लागू नये म्हणून कोरड्या राखेनं. मी विचारलं हे काय करायलीस, तर म्हणाली की सोमवारी सोनार येतोय, जोडव्यांना चांदी लागते, नवी कशाला, ही मोडू. मग तीच पुढे बोलली, घासता घासता, मान खाली. “तुझ्या पायात ऱ्हातील तिघंबी. इथं ट्रंकात काय करायलेत? तुझ्यासंगं तुझा संसार बघतील.”

मी अव्वाकडे बघत राहिले. तिनं हे कधी ठरवलं असेल, किती दिवस मनात धरलं असेल, आणि तिला ते केवढं चांगलं वाटत असेल, हे सगळं मला दिसत होतं. तिच्या हाताला राख, नखांत राख. आणि मला माझे दोन्ही पाय जाणवत नव्हते. मग मी विचारलं. या वेळी कोणी पैज लावलेली नव्हती. “अव्वा, कितव्या वर्षी झाली ती? सांग मला.” ती थांबली. मला वाटलं, म्हणेल चूप बस, अभ्यास कर. पण तिनं पहिली डबी उचलली आणि सांगितलं, ही गंगव्वा, लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हाची, वीस दिवस होती. ही मल्लिकार्जुनाची. अडीच वर्षं. त्यानं मान कधी धरली नाही, मांडीवरनं उतरला न्हाई, हसायचा मात्र लई गोड. ही शेवटची, तुझ्या पाठची, सहा महिन्यांची. नावबी ठेवून झालं न्हाई हिचं, बाळीच म्हणायचो. प्रत्येक डबी ती बोलून झाल्यावर खाली ठेवत होती, आणि मी, काय झालं कुणास ठाऊक, पेन्सिल घेऊन तिसऱ्या रकान्यात लिहीत गेले. एकोणीसशे साठ, वीस दिवस. त्रेसष्ट ते पासष्ट. सदुसष्ट, तिथे माझं नाव. सत्तर. शतकं चुकत होती, ओळी जुळत नव्हत्या, राणीच्या आणि आगगाडीच्या शेजारी आमची पोरं येऊन बसत होती. अव्वाला वाचता येत नाही. ती रकान्याकडे बघत म्हणाली, “शाळंत लावायचंय का हे?”

“अव्वा, तू अप्पांना लग्नाआधी काय म्हणायचीस?”

“मामाच म्हणायचे की. दुसरं काय म्हणणार.” तिनं राख झटकली. “बाजारातनं येताना मला रेवड्या आणायचे. मी चौदाची होते.”

“आन् मग?”

“मग काय. लग्नानंतर काय म्हणावं ते सुचलंच न्हाई.”

हे मला कधी दिसलंच नव्हतं. पंधरा वर्षं एकाच घरात राहून दिसलं नव्हतं. अव्वा अप्पांना कुठल्याच शब्दानं हाक मारत नाही. जेवायला बोलवायचं असलं की ताटली आपटते, दुकानातून काही मागवायचं असलं की मला पाठवते, ताप आला होता त्यांना एकदा तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पण मुक्यानं. अहो नाही, काही नाही. चोवीस वर्षं. मला वाटायचं संसार म्हणजे असाच असतो, आवाज न करता. आणि मला बसवंतमामा दिसला, आणखी वीस वर्षांनी, टाळूवर केस नसलेला, आणि मी ताटली आपटतेय. ट्रंकेत किती डब्या असतील ते मला दिसलं नाही. एकही नसेल. सर म्हणाले तसंच, कोणीच सांगू शकत नाही. चांगली सातआठ धडधाकट पोरंही होतील. पण ताटली मला दिसली, स्टीलची, कडेला पोचा आलेली.

मी उठले. उठताना पायात मुंग्या आल्या, दोन्ही पायांत, इतक्या की भिंत धरावी लागली. मी तिन्ही डब्या उचलून खणात बांधल्या आणि खण अव्वाच्या मांडीवर ठेवला. सांगितलं की मला अप्पांशी बोलायचंय, आणि काय बोलायचंय तेही हळू आवाजात सांगितलं. मला वाटलं होतं ती हात धरेल. तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, दोरानं माप घ्यावं तसं. म्हणाली, “बसवंताला कोण सांगंल?” मी म्हटलं, मीच. तो माझं ऐकतो. तिनं विचारलं, “आन् तुझ्या आजीला, माझ्या आईला?” बाहेर गल्लीत कोणीतरी घागर ओढत नेत होतं, रिकामी, दगडावरून. टँकरची वेळ झाली होती आणि टँकर आला नव्हता. मामानं लिहिलेली वेळ. अव्वा खण छातीशी धरून उठली, गुडघ्यांवर हात टेकून, आणि दारापर्यंत गेली. चौकटीत उभी राहिली. ताटली तिच्या हातात नव्हती. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“मामा,” ती म्हणाली. “उठा. पोरगी काय म्हणायलीय बघा.”

अप्पांनी पंचा डोळ्यांवरून काढला. आधी त्यांनी गल्लीकडे बघितलं, कोणीतरी लहान पोर हाक मारतंय असं वाटल्यासारखं. मग अव्वाकडे. बाहीला अंबाडीचे तंतू तसेच होते. ते उठून बसले, पण अव्वा चौकटीतून हलली नाही, मला तिच्या खांद्याच्या बाजूनं बाहेर यावं लागलं. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. आवाज झेंड्यापुढे निघाला होता तसाच निघाला, सरळ, थोडा मोठा, शेजारी ऐकू जाईल एवढा.

“अप्पा, मी मामाशी लग्न करणार नाही. दहावी झाली की मी नांदेडला अकरावीला जाणार, कोटलवार सरांच्या ओळखीच्या वसतिगृहात किनवटच्या पोरी राहतात, मी पण राहीन. मामाला मी स्वतः सांगते, उद्या, प्रदर्शनाला तो येईल तेव्हा, तक्त्यापुढेच. आणि सोनाराला येऊ नको म्हणावं. त्या तीन डब्या अव्वाच्या आहेत.”